पान 19, ओळ 7

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात ‘ड’ वर्गाचं सार्वजनिक ग्रंथालय आहे. 1967 च्या ग्रंथालय कायद्याखाली ज्यांना मान्यता मिळते, त्यांतली ही सगळ्यात खालची पायरी. एक खोली, दोन कपाटं, चार वर्तमानपत्रं, आणि अनुदान कधी येणार हे विचारायचं नाही. मी तिथला मानद सचिव; पोटापाण्यासाठी जिल्हा परिषद शाळेत मास्तर. 2022 साली या ग्रंथालयानं आपलं पहिलं आणि आजवरचं शेवटचं पुस्तक काढलं, गावातल्याच एका म्हाताऱ्याचं आत्मचरित्र. त्या पुस्तकाचं गावात काय झालं, त्याची ही हकीकत. हल्ली गावोगावी कोणी ना कोणी वडलांच्या, आजोबांच्या आठवणी छापतं. त्यांच्यातल्या एखाद्याच्या कामी यावी म्हणून माझ्या चुकीसकट लिहितो आहे.

लेखकाला गाव आबाजी म्हणतं, मीही तेच म्हणतो.

तीन वह्या

आबाजी फेब्रुवारी 1961 मध्ये, सोळाव्या वर्षी, घरातून पळाले आणि 1979 साली परत आले. दारव्ह्याला शकुंतलेत, म्हणजे आमच्याकडच्या छोट्या रेल्वेत, बसले. यवतमाळ ते मूर्तिजापूर 113 किलोमीटर, अडीच फुटी रूळ, 1994 पर्यंत वाफेचं इंजिन. चढ लागला की पोरं खाली उतरून बाजूनं चालत आणि पुन्हा चढत, असं अजून सांगतात. मूर्तिजापूरला मोठी गाडी. मग भुसावळला स्टेशनावरची उपाहारगृहातली भांडी, मुंबई-आग्रा रस्त्यावर ट्रकची क्लीनरकी, दोन वर्षं एका सर्कशीत हत्तीखालची घाण काढणं, कोयनानगरला चहाचं दुकान, शेवटी मुंबईच्या गोदीत हमाली आणि मचव्यावरून किनाऱ्याकिनाऱ्यानं कांडल्यापर्यंतच्या खेपा. परत आले तेव्हा बाप वारला होता, आई आंधळी झाली होती. ते शेतीला लागले, लग्न केलं, दोन मुलं झाली. पुढची चाळीस वर्षं या माणसानं गावाबाहेर पाऊल टाकलं ते बाजारापुरतं नाही तर दवाखान्यापुरतं.

2020 च्या टाळेबंदीत त्यांनी दोनशे पानी तीन वह्या भरल्या. निळा बॉलपेन, शिरोरेषा नाही, पूर्णविराम कुठंच नाही. तिसऱ्या वहीच्या मागच्या पानांवर सोयाबीनच्या बियाण्याचा आणि फवारणीचा हिशेब. भाषा पक्की वऱ्हाडी. हत्तीच्या पायाला जखम झाली की तो जमिनीवर पाय कसा टेकतो, यावर अख्खी अडीच पानं आहेत. मी मराठी शिकवतो, आणि त्या अडीच पानांसारखं काही मला जन्मात लिहिता येणार नाही.

हे छापायचं, असं समितीत ठरलं. अर्धा खर्च आबाजींच्या मुलांनी दिला, अर्धा वर्गणीतून निघाला. 300 प्रती.

माझी कात्री

संपादनाला बसताना माझ्यासमोर एकच नमुना होता, विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’. पेणजवळच्या वरसईचा हा भिक्षुक. घरात कर्ज झालं, बायजाबाई शिंदे मथुरेला यज्ञ करणार असल्याची बातमी आली, तिथं दक्षिणा मिळेल म्हणून 1857 साली उत्तरेकडे निघाला आणि नेमका बंडात सापडला. झाशीच्या वेढ्यात तो शहरात होता. दक्षिणेऐवजी गंगेची कावड घेऊन घरी आला. पुढं कित्येक वर्षांनी चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून त्यानं सगळं मोडीत लिहून काढलं. वैद्यांनी पुस्तक काढलं 1907 साली, पण भाषा नीटनेटकी करून, काही गाळून, काही फिरवून. गोडसे भटजींचा मूळ मजकूर लोकांना जसाच्या तसा वाचायला मिळाला तो दत्तो वामन पोतदारांनी हस्तलिखितावरून 1966 साली आवृत्ती काढली तेव्हा. म्हणजे एका माणसानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं दुसऱ्याच्या भाषेत एकोणसाठ वर्षं हिंडत राहिलं.

वैद्यांना सरकारची धास्ती असणार, हे समजण्यासारखं आहे. पण मी मनाशी ठरवलं की आपण वैद्य व्हायचं नाही. वऱ्हाडी तशीच ठेवायची. ‘मले’चं ‘मला’ करायचं नाही. ते मी पाळलं, आणि पाळलं म्हणून स्वतःवर बराच खूश होतो. खूश असलेला संपादक वाईट.

पहिली अडचण पानशेतची. आबाजींनी लिहिलं होतं की धरण फुटलं तेव्हा ते पुण्यात होते: काळोखी रात्र, विजा, बायकांचा आकांत. पानशेत फुटलं 12 जुलै 1961 रोजी सकाळी, आणि पाणी पुण्यात शिरलं ते दिवसाउजेडी. मी विचारलं. आबाजी जराही ओशाळले नाहीत.

‘‘नव्हतो म्या तिथं. भुसावळले एका पुन्याच्या पोरानं सांगतलं.’’

‘‘मग लिहिलं काहून?’’

‘‘पुस्तकात पूर पायजे ना, गुर्जी.’’

यावर काय बोलणार! मी पूर ठेवला आणि खाली टीप टाकली की प्रत्यक्षात हा पूर दिवसा आला होता.

दुसरीकडे कोयनेचा भूकंप. तिथं पूर नाही, आकांत नाही, काहीच मोठं नाही. दुकानातल्या बाकावर झोपले होते, चांगली थंडी होती, ट्रेमधले कपबशीचे आवाज सुरू झाले, मांजर शिरलं असं वाटून त्यांनी पडल्यापडल्या शिवी दिली, आणि मग भिंत गेली. सोमवार होता असं लिहिलं होतं, कारण आदल्या दिवशी रविवार म्हणून दूध संपलं होतं आणि सकाळी कोरा चहा विकावा लागणार याची त्यांना चिंता होती. मी तारीख काढली. 11 डिसेंबर 1967, पहाटे 4 वाजून 21 मिनिटं, सोमवारच. हे खोटं रचणारा माणूस दुधाची चिंता रचत नाही.

भटक्यांच्या आत्मचरित्रांचं हे दुखणं जुनं आहे. 1898 साली लंडनमध्ये लुई द रूझमाँ नावाच्या माणसाच्या आठवणी एका मासिकात येऊ लागल्या. तीस वर्षं ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींत राहिलो, समुद्री कासवांवर बसून फिरलो, वगैरे. शास्त्रज्ञांच्या सभेत त्याचं व्याख्यान झालं. मग एका वर्तमानपत्रानं खणून काढलं की हा मूळचा स्वित्झर्लंडचा, नाव वेगळंच, आणि बहुतेक सगळं थापा. लोक सगळ्यात जास्त हसले होते ते कासवावर. पुढं 1906 साली त्यानं लंडनच्या एका नाट्यगृहात पाण्याच्या हौदात खरोखर कासवावर बसून दाखवलं. एवढीच एक गोष्ट त्याला जमत होती आणि तीच कोणाला पटली नव्हती. आमच्या गावातही पुढं तेच झालं. पानशेतचा पूर बहुतेकांनी बिनघोर मानला, कोयनेच्या कपबशांना ‘आबाजीच्या बाता’ म्हणाले.

एक इटारसीची बाई होती. ती मी गाळली, आबाजींना विचारून. दारूची चार पानं गाळली, मुलांच्या आग्रहावरून. आणि मग नावं. वह्यांत गावातल्या जवळजवळ ऐंशी माणसांची नावं होती, बापाच्या नावासकट, काहींची टोपणनावंही. कोणी कोणाचा धुरा, म्हणजे शेताचा बांध, कोरला, कोणी कोणाच्या विहिरीवर पाणी भरू दिलं नाही. उद्या कोणी पोलीस ठाण्यात जाईल, ग्रंथालयाची मान्यता जाईल, या भीतीनं मी लाल पेन घेऊन एका रविवारी दुपारी सगळी नावं उडवली. ‘एक शेजारी’, ‘एक सुतार’, ‘आमचा एक सालदार’ (म्हणजे सालाच्या बोलीवर ठेवलेला गडी). आबाजींना सांगितलं. ते म्हणाले, ‘‘तुमी मास्तर हा, करा.’’

त्या दुपारी पान 19 वरच्या तीन ओळींवरून माझं पेन कसं गेलं ते मला आठवतही नाही. छापील पुस्तकात त्या ओळी अशा आल्या:

‘ज्वारीच्या कनगीत आईचे चांदीचे गोट ठेवले होते ते म्या रातच्यानं काढले मूर्तिजापूरले सोनारानं पंचेचाळीस रुपये देल्ले. घरी आळ आमच्या एका सालदारावर आला अन् त्याले पाडव्याच्या आधीच काढून देल्लं. हे मले लय दिवसानं समजलं.’

चौथ्या ओळीत आबाजी भुसावळच्या फलाटावर उभे आहेत आणि वडा खात आहेत.

गावानं वाचलं ते

प्रकाशन अक्षय तृतीयेला झालं. लोक पुस्तक वाचणार नाहीत याची मला खात्री होती. आमच्या वाचनालयात येणारी पोरं पोलीस भरतीची आणि तलाठ्याच्या परीक्षेची गाइडं वाचतात; बाकी गावाला पुस्तक म्हणजे पोथी, तीही पारायणात. पण त्या उन्हाळ्यात रात्री देवळाच्या पारावर भरतीची तयारी करणारा एक पोरगा मोबाइलच्या उजेडात रोज दहा-दहा पानं मोठ्यानं वाचू लागला, आणि बायाबापड्या ऐकायला येऊ लागल्या. पोथीचं वळण इथंही होतं, मागचं कुठवर आलं होतं ते आधी सांगायचं, मग पुढं.

आणि लोक विचारू लागले, आमचं नाव कुठाय?

हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. मी नावं काढली ती कोणी रागावू नये म्हणून. रागावले ते नाव नाही म्हणून. ज्याच्या आजोबानं विहिरीवर पाणी नाकारलं होतं असं वहीत होतं, तो नातूसुद्धा म्हणाला, ‘‘वाईट तर वाईट, पन नाव तर येऊ द्याचं होतं.’’ महिन्याभरात वाचनालयाची प्रत परत आली तेव्हा समासात पेन्सिलीनं नावं लिहिलेली होती. ‘एक सुतार’पुढं बाण काढून सुताराचं नाव. निरनिराळ्या हातांची अक्षरं. काही बरोबर होती, वहीशी मी पडताळली.

पान 19 वर दोन नावं होती. दोन वेगळ्या अक्षरांत, एकावर दुसऱ्यानं फुली मारलेली.

आबाजींच्या बापाकडे त्या वर्षी दोन सालदार होते. चोरीचा आळ एकावर आला होता. दुसरा तिथंच पुढं अकरा वर्षं राहिला, आणि त्याची नातवंडं अजून गावात आहेत. आता एकसष्ट वर्षांनी अर्धं गाव म्हणत होतं की आळ ह्याच्यावर होता, अर्धं म्हणत होतं त्याच्यावर. एका चोरीचा डाग पुसणारं वाक्य होतं ते. मी त्यातून नाव काढून घेतल्यामुळं तो डाग दोन घरांवर पसरला. राहिलेल्या सालदाराचा नातू मला पंचायतीसमोर अडवून म्हणाला, ‘‘माह्या आज्याले चोर कोन म्हनते ते दाखवा.’’ पुस्तकात कोणीच म्हणत नव्हतं. पुस्तकात नाव नव्हतं, एवढंच.

पोळ्याला तर जाहीरच झालं. बैल तोरणाखाली उभे राहिले, झडत्या, म्हणजे पोळ्यात म्हणायची टोमण्याची कवनं, सुरू झाल्या, आणि एका पोरानं आबाजींच्या घराकडं तोंड करून म्हटलं:

‘पूर सांगते पानशेतचा,
धुरा इसरला शेताचा;
गोट नेले मायचे घरून,
दुसऱ्याचं नाव गेलं मरून!
एक नमन गौरा पारबती, हर बोला हर हर महादेव!’

हशा झाला. माझी टीप त्यानं वाचली होती हे उघड होतं. आबाजी ओट्यावर बसून होते. तेही हसले, पण उशिरानं.

ती आली

पोळ्यानंतर आठवड्यानं सकाळी एक म्हातारी वाचनालयात आली. शेजारच्या तालुक्यातून, दोन एसट्या बदलून, सोबत नातू. वय अडुसष्टच्या आसपास. दारातच चपला काढल्या.

‘‘गुर्जी, माह्या बापानं चोरी केली नाई असं लिवलं हाय म्हनते. वाचून दाखवा.’’

मी वाचलं. पुन्हा वाचायला सांगितलं. तिसऱ्यांदा वाचल्यावर तिनं विचारलं, ‘‘नाव कुठी हाय?’’

तिला जे आठवत होतं ते असं. ती सहा-सात वर्षांची. रात्री बापाला वाड्यावर बोलावलं. परत आला तेव्हा काही बोलला नाही, आईला म्हणाला भांडी बांध. साल पाडव्याला संपतं; पाडव्याला जेमतेम महिना राहिला होता, आणि सालाची उरलेली दोन पोते ज्वारी मिळाली नाही. नव्या गावात आधीच बातमी पोचलेली, म्हणून तिसऱ्या गावात गेले. तिथं तो मेला. तिच्या लग्नात सासरच्या एकानं विचारलं होतं, चांदी कुठली.

मी तिला वही दाखवली. का दाखवली ते नीटसं सांगता येणार नाही; बहुधा नाव मुळात होतं, आबाजींनी लिहिलं होतं, हे तिला कळावं म्हणून. पानावर बोट ठेवलं, इथं आहे म्हटलं. तिला वाचता येत नाही. ती अक्षरांकडं न पाहता रेघेकडं पाहत होती.

‘‘हे लाल कोनं मारलं?’’

‘‘मी, मावशी.’’

ती काही बोलली नाही. नातवानं मोबाइलवर पानाचा फोटो काढला.

समिती

सभा दोनदा झाली. आबाजींच्या मुलांचं म्हणणं साधं होतं: ते पानच काढा, नवीन पान चिकटवा, बापाची अब्रू जाते. मुलांना मी दोष देत नाही. गोट चोरले ही पोरवयातली गोष्ट म्हणून लोक हसून सोडत होते. पण 1979 साली परत आल्यावर हे समजलं, आणि त्यानंतर चाळीस वर्षं आबाजी का बोलले नाहीत, हा प्रश्न आता पारावर उघड विचारला जात होता. त्याला उत्तर पुस्तकात नाही. ‘हे मले लय दिवसानं समजलं’ आणि पुढं फलाटावरचा वडा. मी पहिल्यांदा ते हस्तलिखित वाचलं तेव्हा मला ती उडी गमतीची वाटली होती.

समितीतल्या एकानं सुचवलं की पुस्तक विकणं थांबवू, विषय आपोआप विझेल. 137 प्रती घरोघरी गेल्या होत्या, त्या कशा थांबवणार? दुसऱ्यानं सुचवलं, दुसरी आवृत्ती काढू. पैसे? मग मी शुद्धिपत्राचं बोललो. जुन्या पुस्तकांत असायची तशी छापील पट्टी: अमुक पान, अमुक ओळ, अमुक ऐवजी अमुक वाचावे. मुलं म्हणाली, नाव टाकलं तर आमच्या घराचं नाव आपोआप लागतं. खरं होतं.

आबाजी दुसऱ्या सभेला आले. काठी टेकून दारातच उभे राहिले, बसले नाहीत. सगळं ऐकून एवढंच म्हणाले, ‘‘वहीत हाय ते पुस्तकात पायजे.’’ आणि गेले. मुलांनी विरोध नोंदवला, ठराव झाला.

लोक मला विचारतात, त्यांनी म्हातारीची माफी मागितली का. माझ्यासमोर नाही. दोघं एकदा वाचनालयाच्या ओट्यावर समोरासमोर आले, ती पट्ट्या डकवायला आली होती तेव्हा. आबाजींनी विचारलं, ‘‘भाऊ हाय का तुहा?’’ ती म्हणाली, ‘‘दोघं होते.’’ मग बराच वेळ कोणी बोललं नाही. ज्वारीचा विषय तिनं सभेपुढं एकदा काढला होता. त्यावर ठराव झाला नाही. इतिवृत्तात ‘इतर विषयांवर चर्चा झाली’ अशी ओळ आहे, आणि ते इतिवृत्त माझ्याच हातचं आहे.

दुसऱ्या सालदाराच्या नातवानं स्वतःहून पंधरा-वीस पट्ट्या नेल्या आणि आपल्या गल्लीतल्या घरांत स्वतः फिरून लावल्या. त्याचं काम त्या एका ओळीनं झालं होतं. बाकीच्या घरांत म्हातारीचा नातू आणि मी फिरलो. तीन घरांत पुस्तक सापडलं नाही, एका घरात दार उघडलं नाही.

तिच्या बापाचं नाव इथं दिलेलं नाही. यावेळी विचारलं होतं. ती म्हणाली, ‘‘गावात नाव गेलं, गावात आलं. बाहेरच्याले काय करायचं?’’

पट्ट्या यवतमाळहून छापून आल्या त्या दिवशी ती सकाळच्या गाडीनं आली. न विकलेल्या 163 प्रती आम्ही सतरंजीवर मांडल्या. गव्हाच्या पिठाची खळ तिनंच घरून डब्यात आणली होती. मी म्हणालो गोंद आहे, ती म्हणाली गोंदानं कागद आखडतो. एक बोट खळीत, पट्टी उचलायची, पान 19 उघडायचं, तळाशी लावायची, वरून तळहात फिरवायचा. पान कोणतं ते तिला नातवानं दाखवून दिलं होतं. पहिल्या चार प्रतींत तिनं पट्टी उलटी लावली. अक्षरं डोक्यावर उभी. नातवाच्या लक्षात आलं, तो ओरडणार तोवर मी त्याला खुणेनं थांबवलं, आणि पाचव्या प्रतीपासून पट्ट्या सुलट करून तिच्या हातात देऊ लागलो. त्या चार प्रती विक्रीला काढल्या नाहीत. दाखल नोंदवहीत चढवून कपाटात ठेवल्या आहेत, उलट्या पट्टीसकट.